ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तेलनळी गळू लागली तर...

सकाळी मोटार बाहेर काढल्यावर फरशीवर रुपयाएवढा लालसर डाग दिसला, तर बहुतेक वाहनमालक तो पुसून टाकतात आणि कामाला निघून जातात. जुन्या गाडीतून ऑइलचा एखादा थेंब गळणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे, अशी त्यामागची समजूत असते. परंतु गाडी ऑटोमॅटिक गिअरची असेल आणि डाग लाल किंवा तांबूस तपकिरी असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. गिअरबॉक्समधील तेल थंड करण्यासाठी बाहेर नेणाऱ्या नळ्यांपैकी एखादी गळत असल्याची ती खूण असू शकते. नळी बदलण्याचा खर्च आणि तेलाअभावी जळालेला गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हाताने काम करण्याची सवय असलेल्या व्यक्तीस ही दुरुस्ती घरी करता येते. मात्र त्यासाठी तेल बाहेर का नेले जाते, ते कोठून गळते आणि कोणता उपाय टिकाऊ ठरतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तेल बाहेर का जाते?

मोठ्या प्रमाणावर बनलेला पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्स जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने ‘हायड्रामॅटिक’ या नावाने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत प्रथम बसविला. पुढे रूढ झालेल्या रचनेत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातील एक पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या धक्क्याने दुसरा पंखा फिरतो. दोन्ही पंख्यांच्या गतीत जेवढा फरक, तेवढी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मुंबई किंवा बेंगळुरूच्या वाहतूक कोंडीत पावलापावलाने पुढे सरकताना आणि भरलेली गाडी घेऊन सह्याद्रीचा किंवा हिमालयाचा घाट चढताना हा फरक सर्वाधिक असतो. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि तापमान उतरते.

या गिअरबॉक्समधील तेलाला एटीएफ म्हणतात. ते केवळ वंगण नसते. शक्ती वाहून नेणे, आतील क्लच दाबून धरणे, झडपा हलविणे आणि उष्णता बाहेर नेणे ही सर्व कामे तेच करते. सर्वसाधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानात ते सुखरूप राहते. सुमारे १२० अंशांच्या पुढे त्याचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊ लागते, आतील भागांवर चिकट थर बसतो आणि रबरी सील कडक होतात. म्हणून गिअरबॉक्समधील पंप हे तेल एका नळीने रेडिएटरच्या टाकीत बसविलेल्या कूलरकडे, अथवा रेडिएटरपुढील स्वतंत्र जाळीकडे पाठवितो. थंड झालेले तेल दुसऱ्या नळीने परत येते. या दोन नळ्या म्हणजेच कूलर लाइन होत.

गिअरबॉक्सच्या इतिहासात कूलरच्या जोडांनी पूर्वीही त्रास दिला आहे. आरंभीच्या एटीएफमध्ये स्पर्म व्हेल माशाचे तेल मिसळले जात असे. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर कंपन्यांना पर्यायी घटक शोधावे लागले. त्यांपैकी काहींमुळे कूलरमधील डाखकाम गंजू लागले आणि तेलाचे सूत्र पुन्हा बदलावे लागले.

सर्व ऑटोमॅटिक गाड्या सारख्या नसतात

आपल्या देशात २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून एएमटी प्रकार लोकप्रिय झाला. यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्याला टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि अशा कूलर लाइनही नसतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्या, बहुतेक सीव्हीटी आणि ओल्या क्लचचे डीसीटी यांच्या तेलाला मात्र थंडाव्याची गरज लागते. काही गाड्यांत कूलर गिअरबॉक्सवरच बसविलेला असतो आणि त्याकडे तेलाऐवजी कूलंटच्या नळ्या जातात. आपल्या गाडीत कोणती रचना आहे, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून अथवा कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात विचारून मगच हात घालावा.

गळती कोठे आणि का होते?

या नळ्या सहसा ८ ते १० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पोलादी असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी आधारांवर बसलेले असल्याने हलत राहतात, रेडिएटर मात्र सांगाड्याला पक्का असतो. हा हलता फरक सोसण्यासाठी मध्ये रबरी होजचा तुकडा घातलेला असतो. होज आणि पोलाद जेथे दाबून जोडलेले असतात, तो जोड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सैल पडतो आणि तेथून तेल पाझरू लागते.

दुसरे ठिकाण म्हणजे रेडिएटर आणि गिअरबॉक्सकडील टोके. काही गाड्यांत तेथे नट असतो, तर अनेक नव्या गाड्यांत टिचकीसारखी बसणारी क्विक-कनेक्ट जोडणी असते. तिच्यातील रबरी ओ-रिंग कडक झाली की थेंब पडू लागतात. तिसरे कारण गंज हे होय. कोकण, गोवा, चेन्नई वा कोलकात्यासारख्या दमट, खाऱ्या हवेत नळी जेथे पट्टीखाली धरलेली असते, तेथे चिखल व ओल साचते आणि पोलाद पोखरले जाते. याशिवाय कंपनाने नळी सांगाड्यावर घासणे, खालून दगड लागणे आणि उभ्या गाडीत उंदराने होज कुरतडणे ही कारणेही आढळतात.

गळती नेमकी कशी शोधावी?

या नळ्यांत तेलाचा दाब इंजिन चालू असतानाच असतो. म्हणून रात्रभर उभ्या गाडीखाली चार थेंब दिसले, तरी रस्त्यावर वाहून गेलेले तेल त्याहून कितीतरी अधिक असू शकते. डागाच्या आकारावरून गळतीचे मोजमाप करू नये.

प्रथम गळणारा द्रव कोणता, याची खात्री करावी. गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवल्यास रंग स्पष्ट कळतो. नवे एटीएफ बहुधा लाल असते, जुने तपकिरी होते. इंजिन ऑइल काळपट असते. कूलंट पाण्यासारखे पातळ असून वाळल्यावर रंगीत खर सोडते. अनेक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही एटीएफ वापरलेले असते, त्यामुळे त्या टाकीतील पातळीही पाहून घ्यावी.

गाडी धावत असताना वाऱ्यामुळे तेल मागे व खाली पसरते. त्यामुळे सर्वांत जास्त ओला दिसणारा भाग हे गळतीचे मूळ असेलच असे नाही. इंजिन थंड असताना नळ्या, जोड आणि आजूबाजूचा भाग ब्रेक क्लीनरने व कोरड्या फडक्याने स्वच्छ करावा. नंतर इंजिन चालू करून काही मिनिटे थांबावे, बंद करावे आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू हेच बहुधा मूळ असते.

एक तपासणी विसरू नये. रेडिएटर पूर्ण थंड झाल्यावर त्याचे झाकण उघडून कूलंटचा रंग पाहावा. तो दुधाळ गुलाबी दिसला, तर नळी नव्हे, रेडिएटरमधील कूलर आतून फुटला आहे. पाणी व ग्लायकॉल गिअरबॉक्समध्ये शिरले की क्लच प्लेटवरील कागदी अस्तराचा चिकटपणा सुटू लागतो. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी तज्ज्ञाकडे उचलून न्यावी.

आधी जिवाची काळजी

घरगुती दुरुस्तीतील सर्वांत मोठा धोका तेलाचा नसून वरच्या गाडीचा असतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. सपाट, पक्क्या जमिनीवर हँडब्रेक लावून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ओंडके लावून, सांगाड्याच्या नेमून दिलेल्या जागी भक्कम लोखंडी स्टँड ठेवावेत. विटा आणि दगड यांवर विसंबू नये, भाराखाली वीट अचानक फुटते. काम चालू असताना घरातील कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.

नुकत्याच चाललेल्या गाडीतील तेल त्वचा भाजण्याइतके तापलेले असते आणि एक्झॉस्टचा पाइप त्याहून कितीतरी अधिक. गाडी काही तास थंड होऊ द्यावी. डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावेत. एक्झॉस्टवर सांडलेले एटीएफ पेट घेऊ शकते, म्हणून गळणारी नळी तशीच ठेवून गाडी चालविणे हा आगीलाही निमंत्रण देणारा प्रकार आहे.

दुरुस्तीचे तीन मार्ग

पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे संपूर्ण नळी बदलणे. कंपनीची नळी योग्य वळणांसह तयार मिळते. जुनी नळी काढण्यापूर्वी ती कोठून कशी जाते आणि कोणत्या पट्ट्यांत अडकविलेली आहे, याचे छायाचित्र काढून ठेवावे. नट सोडताना साध्या फिक्स पान्याने त्याचे कोपरे झिजतात, म्हणून नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना वापरावा. रेडिएटरवरील जोड दुसऱ्या पान्याने घट्ट धरून मगच नट फिरवावा. तसे न केल्यास जोड रेडिएटरच्या टाकीसह पिळतो आणि नळीच्या दुरुस्तीत रेडिएटर गमवावा लागतो. क्विक-कनेक्ट जोडणीत ओ-रिंग आणि क्लिप नवीनच घालावी, ओ-रिंगला स्वच्छ एटीएफ लावावे, नळी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आत ढकलावी आणि मागे ओढून खात्री करावी.

दुसरा मार्ग खराब तुकडा कापून तेथे नवा पोलादी तुकडा जोडण्याचा. बाकीची नळी निरोगी असेल तरच तो योग्य ठरतो. गंजाने एका ठिकाणी छिद्र पाडले असेल, तर शेजारचा भागही पातळ झालेला असण्याचा संभव असतो. नळी करवतीने न कापता ट्यूब कटरने कापावी, कारण करवतीचा कीस आत राहून झडपांत अडकू शकतो. कापलेल्या तोंडाची कड साफ करावी आणि फ्लेअरिंग टूलने दुहेरी फ्लेअर काढून युनियनने दोन्ही टोके जोडावीत. फ्लेअर काढण्यापूर्वी नट नळीवर सरकवून ठेवावा. तो विसरल्यामुळे नीट आलेला फ्लेअर कापून टाकण्याची पाळी अनेकांवर येते.

तिसरा मार्ग रबरी होजचा. छिद्र होजच्या जोडापाशी असेल तेव्हा तो सोयीचा असतो. मात्र हाताशी असलेला कोणताही पाइप येथे चालत नाही. पाण्याचा होज तेलाने फुगतो आणि पेट्रोलचा साधा होज एवढे तापमान दीर्घकाळ सोसण्यासाठी बनविलेला नसतो. दुकानात ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीचाच होज मागावा, त्यावर एसएई जे १५३२ हे मानक छापलेले असते. गुळगुळीत नळीवर चढविलेला होज दाबाने निसटू शकतो. त्यासाठी नळीच्या टोकाला फुगवटा हवा. दुहेरी फ्लेअर काढताना पहिल्या टप्प्यावरच थांबले की असा फुगवटा मिळतो. होज किमान २५ मिलिमीटर आत चढवावा, क्लॅम्प फुगवट्याच्या मागे बसवावा आणि होज एक्झॉस्टपासून व फिरत्या भागांपासून दूर बांधावा.

हे करू नये

छिद्रावर एम-सील किंवा तत्सम लेप लावणे, चिकटपट्टी गुंडाळणे किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधणे हे उपाय गरम तेलाच्या दाबापुढे टिकत नाहीत. जोडांच्या आट्यांवर नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेफ्लॉन पट्टी गुंडाळू नये. फ्लेअर जोड धातूवर धातू दाबून बंद होतो, त्याला पट्टीची गरज नसते, आणि सुटलेले धागे गिअरबॉक्सच्या अरुंद वाटा बुजवितात. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी असली, तरी कंपनाने कडक होऊन तडकते. गंज टाळायचाच असेल तर वाहनांसाठी मिळणारी तांबे-निकेल मिश्रधातूची नळी वापरावी.

कूलर वगळून दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देण्याचा सल्लाही कधी कधी मिळतो. त्याने गळती थांबते हे खरे, परंतु तेल थंड होण्याची वाटच बंद होते. आपल्या उन्हाळ्यात आणि घाटरस्त्यांवर असा गिअरबॉक्स फार काळ तग धरणार नाही.

तेल भरणे हे निम्मे काम

काम सुरू करतानाच नळीखाली स्वच्छ भांडे ठेवून बाहेर पडणारे तेल जमवावे व मोजावे. जोडणी पूर्ण झाल्यावर तेवढेच नवे तेल भरावे. मात्र दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर सांडलेल्या तेलाची भर त्यात धरलेली नसते, म्हणून पातळी तपासणे अपरिहार्य आहे. तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच हवे. सीव्हीटी, डीसीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर यांची तेले एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. लाल रंग सारखा असल्याने तेल सारखे ठरत नाही.

पातळी तपासण्याची रीत गाडीगणिक निराळी असते. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत तेल गरम झाल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात. काहींत इंजिन बंद केल्यावर लगेच पाहावी लागते. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तेथे तेल ठरावीक तापमानाला आणून तळाचा प्लग उघडतात आणि जादा तेल वाहू देऊन पातळी साधतात. तापमान मोजण्याचे साधन आणि गाडी चारही बाजूंनी समतल उचलण्याची सोय नसेल, तर एवढे काम गॅरेजमध्ये करून घेणे इष्ट. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो, दाब घटतो आणि क्लच घसरून जळतात. जास्त झाले तर फिरत्या भागांनी ते घुसळून फेसाळते आणि परिणाम तोच होतो.

तेल भरल्यावर ब्रेक घट्ट दाबून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानावर काही सेकंद थांबवीत फिरवावा, म्हणजे नळ्यांत तेल भरते. नंतर इंजिन बंद करून जोड कोरडे आहेत का ते पाहावे. जवळपास एक लहान फेरी मारून पुन्हा पाहावे आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा तपासावे.

थांबावे केव्हा?

‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा हलणे, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे किंवा गिअरबॉक्समधून घरघर येणे, ही तेल धोक्याच्या पातळीखाली गेल्याची लक्षणे आहेत. प्रवासात असे घडल्यास ‘गाव जवळच आहे’ असे म्हणून पुढे रेटू नये. नळी पूर्ण तुटली असेल, तर चालत्या इंजिनाचा पंप काही मिनिटांतच बहुतांश तेल रस्त्यावर ओततो. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. चालकचाके जमिनीवर ठेवून दोराने ओढत नेल्यास इंजिन बंद असल्याने पंप फिरत नाही आणि आतील भाग वंगणाविना घासतात. म्हणून अशी गाडी सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्यावी.

गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर घरी हात लावण्याऐवजी ती कंपनीच्या केंद्रात द्यावी. जमा झालेले जुने तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. वापरलेल्या तेलाची गणना आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात होते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. बंद डब्यात भरून ते वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

कूलर लाइन गाडीच्या पोटाखाली, नजरेआड असते. ती बिघडल्याची सूचना देणारा दिवा बहुतेक गाड्यांत नसतो, आणि गिअरबॉक्स तापल्याचा इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकदा गाडीखाली उजेड टाकून या दोन नळ्यांवरून नजर फिरविली, तर गंजाची पहिली पापडी आणि ओलाव्याचा पहिला डाग वेळीच दिसतो. त्या वेळी लागणारी ओ-रिंग किंवा होजचा तुकडा अगदी स्वस्तात मिळतो.